उत्पन्न सरकारचें, रोग ज्याचा त्याचा

दारू पिणाऱ्या माणसाविषयीं बोलतांना आपल्या सुशिक्षित समाजाची जीभ जितकी सैल सुटते, तितकी ती दुसऱ्या कोणत्याहि रोग्याविषयीं सुटत नाहीं. क्षय झालेल्याला ‘तूं मनाचा दुबळा आहेस’ असें कोणी ऐकवीत नाहीं. मधुमेह्यानें पथ्य मोडलें व त्याची साखर वाढली, तर त्याला घराबाहेर काढावें असेंहि कोणी सुचवीत नाहीं. पण दारूनें किंवा गर्दनें ज्याच्या शरीराचा व मनाचा ताबा घेतला, त्याच्यापुढें आपले विद्वान, कीर्तनकार, फौजदार आणि शेजारी एकाच सुरांत बोलूं लागतात : ‘सोडायची म्हटली तर सुटते, याला सोडायचीच नाहीं!’ हें वाक्य इतक्या घरांतून आणि इतक्या आत्मविश्वासानें उच्चारलें जातें कीं, तें खरें कीं खोटें याची चौकशी करण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. ती चौकशी करावी, आणि या एका वाक्याच्या आडोशाला समाज व सरकार हीं दोघेंहि आपलें कोणतें देणें बुडवीत आहेत तें उघड करावें, एवढ्यासाठींच हा लेख आम्ही लिहीत आहों.

प्रथम वैद्यकशास्त्र काय सांगतें तें पाहूं. वर्षानुवर्षें रोज दारू पिणाऱ्या माणसाच्या मेंदूचा सारा व्यवहारच त्या विषाच्या सवयीनें चालूं लागतो. तें एकाएकीं तोडलें म्हणजे हात कापूं लागतात, झोप उडते, घाम सुटतो. कांहींना झटके येतात. आणि शेवटच्या पेल्यानंतर दोन ते चार दिवसांच्या आंत कांहीं रोग्यांना असा वात होतो कीं, नसलेलीं माणसें समोर दिसूं लागतात, स्थळाकाळाचें भान सुटतें, आणि वेळेवर उपचार न झाल्यास मृत्यूहि ओढवतो. म्हणजे ज्या निर्धाराचे आपण गोडवे गातों, तो निर्धार डॉक्टर जवळ नसल्यास प्राणावर बेतूं शकतो. बरें, उपाय कांहीं देवदुर्लभ आहेत असें नाहीं. मोजके दिवस द्यावयाचीं शामक औषधें, थायामिन म्हणजे ‘ब’ वर्गांतील एक जीवनसत्त्व, पाणी, अन्न, आणि रात्रभर लक्ष ठेवणारी परिचारिका, एवढ्यावर हा पहिला घाट बहुतेकांना ओलांडतां येतो. पुढें ओढ कमी करणारीं औषधें आहेत, अफूच्या कुळांतील व्यसनांवर ब्युप्रेनॉर्फिनसारखें औषध आहे, समुपदेशन आहे, १९३५ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा आपल्या गांवोगांवींहि भरतात. रोग चिवट आहे, तो उलटतो, पुन्हा उपचार करावा लागतो, हें खरें. पण मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोष्ट तरी यापेक्षां कोठें वेगळी आहे?

मग या उपायांपर्यंत पोंचतात किती जण? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यानें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करविलेली देशव्यापी पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्याप्रमाणें देशांत सुमारें १६ कोटी लोक दारू पितात, आणि त्यांपैकीं ५.७ कोटी लोकांचें पिणें इतकें अपायकारक झालेलें आहे कीं, त्यांना मदतीची गरज आहे. आणि दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या ३८ माणसांत एकालाच कांहींतरी उपचार मिळतो. रुग्णालयांत दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक! उरलेल्या सदतीस जणांना ‘याला सोडायचीच नाहीं’ असें म्हणून वाटेला लावणाऱ्या आमच्या स्नेह्यांनीं एकदां एवढेंच सांगावें कीं, त्यांना सोडायची असेल तर त्यांनीं जावें कोठें?

हा प्रश्न आम्ही मुद्दाम इगतपुरीच्या संदर्भांत विचारीत आहों. कारण या प्रश्नाचीं सारीं अंगें एकाच ठिकाणीं पाहावयाचीं असतील, तर महाराष्ट्रांत याहून सोयीचें गांव सांपडणें कठीण. थळ घाटाच्या माथ्यावर वसलेल्या या गांवाला १८६५ सालीं आगगाडी आली. मुंबई–आग्रा रस्ता येथूनच जातो. आणि ५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर मुंबईकरांना हें गांव आणखीच जवळ आलें. येथील डोंगरांत टुमदार बंगले व विश्रामगृहें उभीं राहिलीं आहेत, आणि शनिवार-रविवार तेथें काय चालतें याची चुणूक जून २०२१ मध्यें पोलिसांनीं एका मेजवानीवर घातलेल्या छाप्यानें साऱ्या महाराष्ट्राला मिळाली. जिल्हा द्राक्षांचा, २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षांपासून वाईन करण्याच्या धंद्याला उत्तेजन देणारें खास धोरण आखलें आणि नाशिकचें नांव त्या धंद्यांत देशभर झालें. उलट याच गांवांत १९७६ पासून धम्मगिरि हें विपश्यनेचें विख्यात केंद्र उभें आहे, जेथें सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेंतील साधना शिकण्यासाठीं जगाच्या कानाकोपऱ्यांतून माणसें येतात आणि इतर शीलांबरोबर मादक पदार्थांपासून दूर राहण्याचें शीलहि घेतात. आणि या दोहोंच्या मध्यें, पावसाळ्यांत भाताच्या आवणीला वांकलेला आणि एरवीं घोटी-नाशिकच्या वाटेनें मजुरी हुडकीत फिरणारा ठाकर, महादेव कोळी व कातकरी समाज आहे. मद्य करणारे, विकणारे, चैनीसाठीं पिणारे आणि त्याचा संकल्पपूर्वक त्याग करणारे असे सगळे या डोंगराच्या कुशींत नांदतात. ज्याच्या अंगांत दारू मुरली आहे आणि खिशांत पैसा नाहीं, अशा मजुराला मात्र मध्यरात्रीं वात झाला तर सरकारी मनोविकारतज्ज्ञ बसतो सुमारें ४५ किलोमीटरांवरील जिल्ह्याच्या रुग्णालयांत! जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची रचनाच मुळीं जिल्ह्याच्या ठिकाणाला धरून झालेली आहे. तालुक्याच्या वांट्याला त्या तज्ज्ञाचा दौरा येतो, तज्ज्ञ येत नाहीं.

यावर आमच्या वर्गांतील कित्येक सज्जन चटकन् म्हणतात, ‘इगतपुरीलाच आहे ना? मग द्या त्याला विपश्यनेला पाठवून!’ ही सूचना सद्भावनेची असेल. पण ती विचाराची नाहीं. विपश्यनेविषयीं आमच्या मनांत पूर्ण आदर आहे. पण दहा दिवस मौन पाळून, पहाटे चार वाजतां उठून, स्वतःच्या श्वासावर व देहावरील संवेदनांवर चित्त ठेवणें हें ज्याचें शरीर स्थिर आहे त्याचें काम आहे. ज्याचे हात पेला धरतांना लटपटतात आणि ज्याला भिंतीवर साप दिसतात, त्याचें नव्हे. खुद्द त्या केंद्राच्या नियमावलींतच ही साधना वैद्यकीय उपचारांची जागा घेऊं शकत नाहीं अशी स्पष्ट समज दिलेली असते आणि गंभीर मानसिक विकार असलेल्यांनीं शिबिरास न येण्याविषयीं सांगितलेलें असतें. जें केंद्र स्वतः जाहीर करतें तें आपण ऐकावयाचें नाहीं, आणि रुग्णालयाचें ओझें साधनेच्या खांद्यावर टाकावयाचें, यांत साधनेचाहि मान राहत नाहीं आणि रोग्याचाहि जीव वांचत नाहीं. व्यसन सुटल्यानंतर मन सांवरण्यास ध्यानाचा उपयोग होत असेल तर तो खुशाल करावा. पण आधीं औषध, मग ध्यान, हा क्रम उलटा करण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं.

आतां सरकारकडे वळूं. दारूपासून उत्पन्न काढण्याची कला आपल्या सरकारांना नवी नाहीं. इंग्रजांनीं १८७८ सालीं मुंबई इलाख्यासाठीं अबकारीचा कायदा केला, तेव्हांपासून ती परंपरा चालत आहे. स्वराज्यांत घटनेच्या ४७ व्या कलमानें मादक पेयांच्या बंदीसाठीं झटणें हें राज्याचें कर्तव्य ठरविलें. १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा तर आजहि त्याच नांवानें पुस्तकांत आहे, आणि त्याच ‘दारूबंदी’च्या कायद्याखालीं दारूचे परवाने वांटले जातात! हा विनोद आम्हीं रचलेला नाहीं. जून २०२५ मध्यें राज्याच्या मंत्रिमंडळानें मद्यावरील कर वाढविला, तेव्हां त्यापासून वर्षाला सुमारें १४,००० कोटी रुपये जादा उत्पन्न होईल असा अंदाज सांगण्यांत आला, आणि तें वसूल करणाऱ्या खात्यांत नवीन पदें निर्माण करण्यासहि त्याच वेळीं मंजुरी मिळाली. वसुलीसाठीं माणसें वाढवावीं लागतात हें ज्या सरकारला कळतें, त्याला उपचारांसाठींहि माणसें वाढवावीं लागतात हें कळूं नये काय? ‘करदात्याचा पैसा दारुड्यांवर कां उधळावा?’ असा प्रश्न विचारणारे लोक एक साधी गोष्ट विसरतात. या कराचा भरणा त्या दारुड्यानेंच केलेला आहे. बायकोच्या मंगळसूत्रापासून मुलांच्या दुधापर्यंत सारें विकून त्यानें सरकारी तिजोरी भरली. तो बुडूं लागला तेव्हां त्याच तिजोरीनें त्याला ‘हें तुझें खासगी प्रकरण आहे’ असें म्हणावें, यासारखा सावकारी न्याय आम्हांला दुसरा आठवत नाहीं.

२७ जानेवारी १९२२ नव्हे, २०२२. अगदीं कालपरवाची गोष्ट. त्या एकाच दिवशीं महाराष्ट्रांत दोन गोष्टी घडल्या. सुपरमार्केटांतून वाईन विकूं देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला. त्याला विरोध झाला आणि तो अमलांत आला नाहीं, हा भाग निराळा. आणि त्याच दिवशीं पुण्यास अनिल अवचट निवर्तले. अवचटांनीं गर्दच्या विळख्यांत सांपडलेल्या तरुणांवर लिहिलेले लेख वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनीं देणगी पुढें केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजीं येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत डॉ. अनिता अवचट यांनीं ‘मुक्तांगण’ सुरू केलें. त्या १९९७ सालीं गेल्या. संस्था चालूच राहिली. रोग्याला मारहाण नाहीं, हेटाळणी नाहीं. सुमारें पांच आठवडे औषध, काम, बोलणें, ऐकणें. व्यसनांतून बाहेर आलेल्यांनाच पुढें कार्यकर्ते करणें. पत्नीलाहि दुःख आहे हें ओळखून तिला वेगळें जवळ करणें. आणि २००९ पासून स्त्रियांसाठीं ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग. व्यसनी माणूस सुधारत नाहीं म्हणणारांना हें उत्तर पुण्यांतच मिळालेलें आहे. पण त्यांतूनच एक अवघड प्रश्न निघतो. एका लेखकाची लेखणी, एका डॉक्टरीणबाईंची जिद्द आणि एका साहित्यिक दांपत्याचें औदार्य हीं तिन्ही एके ठिकाणीं आलीं म्हणून पुण्यास मुक्तांगण झालें. ज्या तालुक्यांत असा योग जुळून आला नाहीं, त्या तालुक्यांतील रोग्यांनीं काय त्या योगाची वाट पाहत मरावयाचें? दानशूरांच्या भरंवशावर देऊळ बांधावें, धर्मशाळा बांधावी. पण कोट्यवधि लोकांच्या रोगाची व्यवस्था बांधतां येत नाहीं.

दारूबंदीचा पक्ष घेणारे आमचे मित्र आतां पुढें सरसावतील. ‘दुकानेंच बंद करा, म्हणजे रोगहि नाहीं आणि रुग्णालयहि नको,’ हें त्यांचें म्हणणें. स्त्रियांनीं मतदान करून ‘आडवी बाटली’ निवडावी व गांवांतील दुकान उठवावें, या तरतुदीचें आम्हीहि स्वागतच करितों. नवा पिणारा तयार होऊं नये यासाठीं दारू महाग व दुर्मिळ करणें हा उपाय नाकारतां येत नाहीं. पण आज ज्याला रोग जडलेला आहे त्याचें काय? जून २०१५ मध्यें मालवणी येथें विषारी दारूनें शंभरांहून अधिक माणसें मेलीं. त्या भागांत देशी-विदेशी दारूचीं परवान्याचीं दुकानें नव्हतीं असें थोडेंच होतें? ज्याला ओढ आवरत नाहीं आणि पैसा पुरत नाहीं, तो स्वस्तांतील विषाकडे वळतो. औषधाशिवाय केलेली बंदी त्याला त्याच वाटेनें आणखी पुढें ढकलते. गडचिरोलींत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरांत २०१५ सालीं आली आणि २०२१ सालीं उठली. यांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, गडचिरोलींतील बंदीच्या चळवळीचे एक अग्रणी डॉ. अभय बंग यांनाहि नुसत्या बंदीवर थांबतां आलें नाहीं. २०१६ पासून तेथें ‘मुक्तिपथ’ नांवाचा कार्यक्रम सरकारच्या सहकार्यानें चालूं झाला, आणि त्यांत गांवांतील संघटनेबरोबर तालुक्याच्या ठिकाणीं व्यसनोपचाराचे दवाखानेहि आले. म्हणजे बंदीच्या कट्ट्या पुरस्कर्त्यालाहि जें उमगलें, तें आमच्या व्यासपीठावरील वक्त्यांना अजून उमगावयाचें आहे.

बरें, जेथें केंद्रें आहेत तेथें तरी दुबळ्याला दार उघडें आहे काय? दाखल व्हावयाचें तर बहुतेक ठिकाणीं सहीला नातेवाईक लागतो; ज्याला घरानें टाकलें आहे त्यानें नातेवाईक आणावा कोठून? महिनाभर आंत राहावयाचें तर महिनाभर मजुरी बुडते. त्याच्या चुलीचें काय, हें कोणी विचारीत नाहीं. स्त्री असेल तर तिची कथाच वेगळी : नवऱ्याच्या दारूची चर्चा चार घरीं होते, पण स्त्रीच्या व्यसनाची वाच्यता झाली तर तिला माहेर-सासर दोन्ही तुटतात, म्हणून ती उपचार घेण्याऐवजीं रोगच लपविते. आणि मुलें? हुंगण्याच्या नशेच्या पायीं ज्यांना मदतीची गरज आहे अशीं मुलें देशांत ४.६ लाख आहेत, असें त्याच २०१९ च्या पाहणींत सांगितलें आहे. प्रौढांसाठीं बांधलेल्या विभागांत त्यांना ठेवणें म्हणजे एका विहिरींतून काढून दुसऱ्या विहिरींत टाकणें होय.

या पोकळींतच मग ‘खात्रीनें दारू सोडवितों’ म्हणणाऱ्या पाट्या लागतात. रोग्याला न विचारतां गाडींत घालून नेणें, कोंडणें, मारणें, असे प्रकार करणारीं ठिकाणें आहेत. आणि नातेवाईक त्यांना पैसे देतात, कारण दुसरें कांहीं त्यांना दिसत नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें दारू व अंमली पदार्थांच्या सेवनांतून उद्भवणारे विकार मनोविकारांत धरले, रोग्याला सांखळदंड घालण्याची बंदी केली, आणि अशा प्रत्येक ठिकाणाची नोंदणी आवश्यक केली. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यांतहि ६४ अ हें कलम आहे : नुसत्या सेवनाचा किंवा थोड्या साठ्याचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य आपण होऊन मान्यताप्राप्त ठिकाणीं उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालवूं नये. कायदा शहाणा आहे. पण तो शहाणपणा तालुक्याच्या पोलिसठाण्यापर्यंत आणि झोंपडीपर्यंत कोणी पोंचविला? पोर्तुगालनें २००१ सालापासून स्वतःपुरता पदार्थ बाळगणाऱ्यास फौजदारी गुन्हेगार मानण्याचें सोडलें व अशा माणसाला वैद्यक, समाजसेवा व कायदा जाणणाऱ्यांच्या मंडळापुढें उभें करण्याची रीत घातली. आमच्या येथें कलम आहे, मंडळ नाहीं. आणि मान्यताप्राप्त जागा इतक्या थोड्या कीं, कलमाचा लाभ घ्यावयाचा तरी कोठें, हा प्रश्न पुन्हा उरतोच.

मराठी वाचकाला दारुड्या म्हटला कीं ‘एकच प्याला’तील सुधाकर आठवतो. गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ सालीं हें नाटक रंगभूमीवर आलें, आणि शंभर वर्षें आपण सिंधूच्या पातिव्रत्यावर डोळे पुसत आलों. पण त्या नाटकांतील एका गोष्टीकडे आपलें दुर्लक्ष झालें. सुधाकर मध्यंतरीं दारू सोडतो! निर्धारानें सोडतो, आणि कामधंदा मागावयास चार प्रतिष्ठितांच्या दारीं जातो. तेथें त्याची जी अवहेलना होते, तिनेंच तो पुन्हा पेल्याकडे वळतो. निर्धार त्याच्यापाशीं होता. त्याला जागा देणारा समाज नव्हता. गडकऱ्यांना जें १९१९ पूर्वीं दिसलें, तें आम्हां पदवीधरांना अजून दिसूं नये, याला काय म्हणावें? त्या वेळीं औषध नव्हतें, म्हणून सुधाकराचा अंत शोकांत होणें एक वेळ क्षम्य होतें. आज औषध आहे. आज होणारा तसा अंत नाटकाचा नव्हे, अनास्थेचा आहे. आणि सिंधूसारखें सोसणें हा आदर्श मानून घरोघरच्या बायकांना गप्प बसविणें, हेंहि आतां पुरें झालें. त्या बाईला स्तुति नको. नवऱ्याला दाखल करावयास खाट, आणि तोंवर स्वतःला व मुलांना सुरक्षित ठेवावयास छप्पर हवें आहे.

आमचें मागणें म्हणून थोडक्यांत असें आहे. मद्याच्या करांतून ठराविक हिस्सा कायद्यानेंच उपचारांसाठीं बाजूला काढावा, म्हणजे तो दरवर्षीं कोणाच्या मर्जीवर राहणार नाहीं. प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत व्यसनोपचारासाठीं निदान चार खाटा, शिकविलेला एक डॉक्टर, एक परिचारिका व एक समुपदेशक असावा. आठवड्यांतून ठराविक वारीं बाह्य रुग्णांचा दवाखाना भरावा व औषध फुकट मिळावें. नातेवाइकाच्या सहीअभावीं कोणालाहि परत पाठवूं नये. उपचारांच्या काळांत मजुराच्या घरीं धान्य पोंचावें आणि बरा होऊन आलेल्याला रोजगार हमीच्या कामावर आधीं घ्यावें. स्त्रियांसाठीं व मुलांसाठीं वेगळी सोय निदान जिल्ह्यांत एकेक तरी असावी. विना-नोंदणीचीं कोंडवाडीं बंद करावीं. पण त्याआधीं त्यांतील रोग्यांना जावयास जागा करावी. यांतील एकहि गोष्ट अद्भुत नाहीं, आणि १४,००० कोटींच्या जादा उत्पन्नाच्या मानानें यांतील एकहि गोष्ट महाग नाहीं.

सरकारकडे हें मागतांना आपल्या वर्गाची सुटका होते असें मात्र कोणी समजूं नये. घरांतील लग्नकार्यांत पेला उंचावणें हें आतां सुधारणेचें लक्षण ठरलें आहे. आपल्या मुलानें इगतपुरीच्या बंगल्यांत प्यावें ती मौज, आणि बंगल्याच्या पहारेकऱ्यानें प्यावें तो अवगुण, हा भेद आपणच केला आहे. मुलगा हाताबाहेर गेला कीं आपण पैसे मोजून, नांव लपवून, मोठ्या शहरांतील उत्तम डॉक्टर गांठतों; त्या वेळीं ‘सोडायची म्हटली तर सुटते’ हें वाक्य आपल्याला आठवत नाहीं. आपल्या पोटच्या पोराला जो रोगी म्हणून वागवितो, त्यानें पहारेकऱ्यालाहि रोगीच म्हणावें, आणि त्याच्यासाठीं तालुक्यांत चार खाटा मागण्याच्या अर्जावर सही करावी. तेवढी सही ज्याच्यानें होत नाहीं, त्यानें निदान त्याला उपदेश तरी करूं नये.